त्या गाण्यांचं आता काय करायचं?

'मिझरी बिझनेस' हे पॅरामोर या अमेरिकन बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं. २००७ मध्ये आलेल्या या गाण्याने बँडला घराघरांत पोहोचवलं. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये नॅशव्हिलच्या कार्यक्रमात गायिका हेली विल्यम्सने भर स्टेजवरून जाहीर केलं, की आता बराच काळ आम्ही हे गाणं वाजवणार नाही. अडचण होती दुसऱ्या कडव्यातल्या एका ओळीची. एका मुलीकडून तिचा मित्र हिसकावून घेतल्याची फुशारकी मारताना गाण्यातली नायिका त्या मुलीला सरळ बाजारबसवी ठरवते. हे शब्द लिहिले तेव्हा विल्यम्स १७ वर्षांची होती.

पुढे २०२० मध्ये स्पॉटिफायने रॉकमधल्या स्त्रियांसाठी केलेल्या प्लेलिस्टमध्ये हेच गाणं घेतलं, तेव्हा तिने स्वतःच हरकत घेतली: स्त्रियांच्या एकजुटीचा झेंडा म्हणून हे गाणं मिरवू नका. २०२२ मध्ये मात्र बँडने गाणं पुन्हा कार्यक्रमात आणलं. आधी विल्यम्सने ते कोचेला महोत्सवात गायिका बिली आयलिशबरोबर गायलं, मग बँडने स्वतःच्या दौऱ्यात. दरम्यान गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या २०२१ च्या 'गुड फॉर यू'शी या गाण्याचं साधर्म्य असल्याने विल्यम्स आणि सहलेखक जॉश फॅरो यांची नावं तिथे श्रेयात आली. थोडक्यात, गाणं बंद ठेवलं तरी ते एका नव्या पिढीच्या कानात शिरलंच.

ज्यांनी २००३ ते २०१० ही वर्षं किशोरवयात आणि इंटरनेटवर काढली, त्यांना ही ओढाताण ओळखीची वाटेल. एका डोळ्यावर ओढलेले केस, काळं काजळ, घट्ट जीन्स आणि 'माझं दुःख कुणालाच कळत नाही' असं ओरडून सांगणारी गाणी, अशी ती 'इमो' मंडळी. त्यांचा अड्डा म्हणजे मायस्पेस ही सोशल नेटवर्किंग साइट. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतही हीच गाणी सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणि तिथून मित्रांच्या कॉम्प्युटरवर पोहोचत. आज ही मुलं चाळिशीकडे झुकली आहेत. जुनी प्लेलिस्ट लावली की ओठ आपोआप हलतात आणि मध्येच एखाद्या शब्दाला अडखळतात. मागच्या सीटवर मुलगी बसलेली असेल, तर जरा जास्तच.

अशा वेळी दोन ठरलेले सल्ले मिळतात. पहिला, सगळं पुसून टाका. दुसरा, जुन्या गोष्टींना आजचे निकष लावू नका. दोन्ही सल्ले डोक्याला फारसा ताण देत नाहीत.

दुसरा सल्ला तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. २००३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इमोची लाट पुरती उसळायच्या आधीच, जेसिका हॉपर या समीक्षिकेने 'पंक प्लॅनेट' या नियतकालिकात या संगीताचे वाभाडे काढणारा लेख लिहिला होता. तिचा मुद्दा साधा होता. या गाण्यांतल्या मुलींना नाव नाही, चेहरा नाही, स्वतःचं म्हणणं नाही. त्या फक्त मुलाचं काळीज मोडायला येतात. आणि स्टेजसमोर मात्र कोवळ्या मुलीच उभ्या असतात. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. लक्षात आलं होतं, छापून आलं होतं. तरीही गाणी विकली गेली.

तरी शब्दांचा दोष हा या प्रकरणातला सोपा भाग. विल्यम्सने तो हाताळला तसा हाताळता येतो: चूक मान्य करायची, गाण्याला थोडी विश्रांती द्यायची आणि श्रोत्यांसमोर उघडपणे परत आणायचं. सतराव्या वर्षी लिहिलेली जळफळाटाची ओळ ही त्या वयाची साक्षही असते. ती खोडून काढली तर मुलींना मुलींचा हेवा करायला कोण शिकवत होतं, हा प्रश्नही तिच्याबरोबर खोडला जाईल.

अवघड भाग पुढे आहे. लॉस्टप्रॉफेट्स हा वेल्समधल्या पॉन्टिप्रिडचा बँड. त्याचा गायक इयन वॉटकिन्स याने बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचे गुन्हे कबूल केले आणि डिसेंबर २०१३ मध्ये कार्डिफच्या न्यायालयाने त्याला २९ वर्षांचा तुरुंगवास ठोठावला. एचएमव्ही या दुकानसाखळीने बँडच्या सीडी दुकानांतून काढल्या. गावात फरसबंदीवर या बँडच्या गाण्यांचे शब्द अभिमानाने कोरलेले होते. त्या फरशा स्थानिक परिषदेने उखडून टाकल्या. २०१७ मध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. वॉटकिन्सविरुद्धच्या तक्रारी २००८ पासून येत होत्या आणि साउथ वेल्स पोलिसांनी त्या वेळच्या वेळी गांभीर्याने घेतल्या नव्हत्या, असं त्यात नमूद होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेकफील्डच्या तुरुंगात वॉटकिन्सचा खून झाला.

अमेरिकेतल्या ब्रँड न्यू या बँडचं प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेला त्यांचा 'सायन्स फिक्शन' हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. नोव्हेंबरमध्ये काही स्त्रियांनी गायक जेसी लेसीवर आरोप केले, की आपण अल्पवयीन असताना त्याने आपल्याकडे अश्लील छायाचित्रांची मागणी केली होती. त्याने फेसबुकवर माफीचं निवेदन टाकलं, पण त्यात नेमक्या आरोपांना उत्तर नव्हतं. ठरलेले कार्यक्रम पुढे ढकलले गेले.

'कलावंत वेगळा, कला वेगळी' हा जुना वाद इथे उपयोगी पडत नाही. संगीतकार वाग्नरचा ज्यूद्वेष किंवा पिकासोचं स्त्रियांशी वागणं यांवर वाद घालणारा प्रेक्षक त्यांच्यापासून दूर, सुरक्षित अंतरावर असतो. मायस्पेसवर ते अंतरच नव्हतं. गायकाचं पान आणि नववीतल्या मुलीचं पान दिसायला सारखंच. पान उघडलं की आपोआप गाणं वाजू लागे, खाली आठ जवळच्या मित्रांची चौकट असे, आणि निरोप पाठवायचं बटण दोघांनाही एकच. ज्याची गाणी ऐकून ती मुलगी रात्र रात्र रडली होती, त्याचंच उत्तर पहाटे तिच्या पानावर येऊ शकत होतं. बहुसंख्य बँडनी या जवळिकीचा गैरफायदा घेतला नाही. ज्यांनी घेतला, त्यांच्यासाठी गाणं हेच दार होतं. 'फक्त तूच मला समजून घेतेस' हा गाण्यातला सूर आणि निरोपातला सूर यांत फरक उरला नाही. मग गाणं वेगळं काढून ठेवायचं कसं?

म्हणूनच एकाच पेटीत सगळं कोंबण्यात अर्थ नाही. शब्द चुकलेलं गाणं ऐकता येतं, त्यावर घरात बोलताही येतं. ज्या गाण्याच्या जोरावर माणसाने मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट काढली, त्याच्या चालीचा गोडवा कितीही आठवला तरी ते लावू नये, असं म्हणण्यात कर्मठपणा नाही. यात बँडमधल्या इतरांवर अन्याय होतो, हे खरं. लॉस्टप्रॉफेट्सच्या बाकीच्या वादकांनी बँड मोडला, त्यांतल्या काहींनी नो डिव्होशन या नावाने नवी सुरुवात केली. पण जुन्या मेहनतीचं मोल गेलं ते गेलंच. त्याचा हिशेब गुन्हेगाराच्या खात्यावर मांडायला हवा, गाणं बंद करणाऱ्या श्रोत्याच्या नव्हे.

कंपन्यांच्या भरवशावर तर राहूच नये. मे २०१८ मध्ये स्पॉटिफायने द्वेषपूर्ण वर्तनाचं धोरण आणलं आणि आर. केली व एक्सएक्सएक्सटेन्टासिऑन या गायकांना आपल्या प्लेलिस्टमधून काढलं. जेमतेम तीन आठवड्यांत, १ जूनला, वर्तनाबद्दलचा तो भाग मागे घेतला गेला. मायस्पेसने याच्याही वरताण केली. सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी टाकलेलं बहुतेक सारं संगीत कायमचं गेल्याचं कंपनीने २०१९ मध्ये कबूल केलं. चांगलं, वाईट, निरागस, घाणेरडं, सगळं एकाच झटक्यात. कसलाही विचार न करता.

हा प्रश्न फक्त त्या गोऱ्या पोरांचा आहे, असं समजून हात झटकता येणार नाहीत. त्याच सुमारास आपल्या शाळा-कॉलेजांत ब्लूटूथवरून एका मोबाइलमधून दुसऱ्यात जाणारी हिंदी-पंजाबी गाणी आठवावीत. डिसेंबर २०१२ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर, रॅपर हनी सिंगच्या नावाने इंटरनेटवर फिरणाऱ्या एका हिंसक, अश्लील गाण्यावरून ऑनलाइन याचिका निघाली आणि गुरगावच्या हॉटेलातला त्याचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. ते गाणं आपलं नाहीच, असं त्याचं म्हणणं. नागपुरातही अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. ते गाणं कुणाचं, हा वाद चालत राहील. ते पाठ असलेली हजारो मुलं मात्र कुणाच्याच वादात नव्हती. त्यांना त्याबद्दल ना शाळेने विचारलं, ना घरच्यांनी.

इमोचा बाजार आता पुन्हा तेजीत आहे. २०२२ मध्ये लास वेगासला 'व्हेन वी वेअर यंग' हा महोत्सव सुरू झाला, आणि २०१९ नंतर थांबलेली वॉर्प्ड टूर ही फिरती संगीतजत्रा २०२५ मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने परतली. तिथे जाणाऱ्यांच्या हाती आता पैसा आहे, आणि त्याबरोबर विचारण्याची ताकदही. स्टेजवर कोण येणार हे ठरवताना कुठल्या तक्रारी तपासल्या, चाहत्यांच्या भेटीगाठी कोणाच्या नजरेखाली होतात, अल्पवयीन मुलींशी बँडच्या माणसांनी खासगीत संपर्क साधला तर तक्रार कुठे करायची, हे तिकीट काढण्याआधी आयोजकांना विचारता येतं. २००५ च्या चौदा वर्षांच्या चाहतीला यातलं काहीच विचारता येत नव्हतं.