सभेत बसलेल्या वाचक

स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तो बहुधा शाळांच्या सनावळीतून. १८४८ साली फुले दांपत्याने भिडेवाड्यात शाळा काढली, तिथपासून पुढे. या मांडणीत शाळेबाहेर घडलेले बरेच काही निसटते. लहानपणीच लग्न झालेल्या मुली जिथे एकत्र बसून ऐकू, वाचू आणि हळूहळू बोलू लागल्या, त्या जागांनाही आम्ही शिक्षणसंस्थाच म्हणू.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. पुराणश्रवणाची सवय बायकांना पिढ्यान्‌पिढ्या होतीच. पण सांगणारा पुरुष आणि ऐकणाऱ्या बायका, ही व्यवस्था ठरलेली होती. आता सांगणारी बाई होती, आणि तीही संस्कृत शास्त्रांत मुरलेली. रमाबाई रानडे या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती बोलून घेतले, ते 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात आहे. घरी वाचण्यावरून टोमणे होतेच. सभेत जाऊन बसणे हा त्याहून मोठा अपराध ठरला, असे आमचे वाचन आहे. एकटीचे वाचन डोळ्याआड करता येते. चारचौघींत बसून बनवलेले मत घरात परत येते.

काशीबाई कानिटकर लग्नानंतर वाचू-लिहू लागल्या आणि पुढे कादंबरीकार झाल्या. हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा साहित्याविषयी पत्रव्यवहार चाले. याला दोघांचेच वाचनमंडळ म्हणायला हरकत नसावी.

अर्थात या वर्तुळाचे दार सर्वांना उघडे नव्हते. ते बहुतांशी पांढरपेशा, सुधारक घरांतले. पुष्कळदा काय वाचावे हेही पुरुषच ठरवीत. त्याच १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या वर्तुळाबाहेरच्या. त्याहीपूर्वी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदया'त निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तेव्हा शाळांचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही.

आम्हांला खटकते ते निराळेच. आज आमच्या एम.ए.च्या वर्गांत मुली आहेत, ग्रंथालय आहे, पण एकत्र वाचन नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' मधल्या यमूचे स्वभावचित्र लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने कित्येकदा कादंबरी उघडलेलीही नसते; मार्गदर्शक मात्र पाठ असते. दोष तिचा नाही, प्रश्नपत्रिका तेवढेच मागते. मूळ पुस्तक मोठ्याने वाचून त्यावर वाद घालण्यासाठी आठवड्याचा एक तास मागितला, की अभ्यासक्रम कधी संपवणार, असे आम्हांलाच विचारले जाते.