न पाहता ठेवलेलं नाव

परवा पुतणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाली, "चाचा, हा बघा नरकातला रक्तपिशाच!" पडद्यावर काळपट तांबड्या रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, आठ हातांमध्ये छत्रीसारखी कातडी असलेला समुद्रजीव होता. हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही या जिवाची हकीकत आपल्या कामाची आहे.

व्हॅम्पायर स्क्विड हे त्याचं नाव. 1898-99 च्या 'वाल्दिविया' मोहिमेनंतर जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कून यांनी 1903 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात थेट 'नरक' घातला. त्यांनी त्याला ऑक्टोपस मानलं होतं. खरं तर तो ऑक्टोपसही नाही आणि स्क्विडही नाही. त्याचा गणच वेगळा आहे.

हा 'पिशाच' जेमतेम फूटभर लांब. राहतो सहाशे ते नऊशे मीटर किंवा त्याहून खोल, जिथे प्राणवायू इतका कमी की बहुतेक शिकारी मासे तिकडे फिरकत नाहीत. आपल्या अरबी समुद्राच्या मधल्या खोलीतही असाच प्राणवायूच्या टंचाईचा मोठा पट्टा आहे. एवढ्याशा प्राणवायूवर तो जगतो, कारण त्याचं निळं रक्त तो घट्ट धरून ठेवतं आणि त्याची शरीरक्रिया अतिशय मंद असते. हातांवरचे 'काटे' मऊ असतात. धोका आला तर तो शाई सोडत नाही. हातांच्या टोकांतून चमकणारा चिकट द्रव सोडतो आणि निसटतो.

आणि खातो काय? रक्त नाहीच. 2012 मध्ये हेंक-यान होव्हिंग आणि ब्रूस रॉबिसन यांनी दाखवून दिलं की तो वरून झिरपणारा गाळ खातो: मेलेले सूक्ष्मजीव, विष्ठा, चिकट कण. दोन लांब दोऱ्यांपैकी एक पाण्यात सोडायचा, त्यावर अडकलेले कण पुसून घ्यायचे, चिकट द्रवात त्यांचा गोळा करायचा आणि गिळायचा. म्हणजे हा समुद्राचा सफाई कामगार. हे उमगायला नाव ठेवल्यापासून 109 वर्षं लागली, कारण त्याला त्याच्या घरात, जिवंत, शांतपणे पाहणं बराच काळ जमलंच नव्हतं.

भाड्याची खोली शोधताना फोनवर फक्त नाव सांगितल्यावर "खोली गेली" हे उत्तर मी ऐकलेलं आहे. पण प्रामाणिकपणे सांगतो, दुसऱ्या वस्तीबद्दल, दुसऱ्या जातीबद्दल तिथे कधी पाऊल न टाकता मीही मतं बाळगली आहेत. नाव ठेवायला क्षण पुरतो, पाहायला वेळ द्यावा लागतो.

शास्त्रीय नाव नियमांनी बांधलेलं आहे, ते राहील. मराठीत मात्र 'रक्तपिशाच' कशाला आणायचा? पुतणीला विचारलं तर ती म्हणाली, "छत्रीवाला म्हणू या." तिने त्याला पाहिलं होतं. मला हे नाव पटलं.