भाड्याचे घर आणि गाडीची जागा

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही कोल्हापूरच्या व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. गुजरी, महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड या परिसरात पिढ्यान्पिढ्या असेच संसार झाले. दुकान बंद करून जिना चढला की घर येई. गाडी कोठे लावायची, हा प्रश्नच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची गूळपेठही बैलगाड्यांच्या काळातली.

आता मुलाचे लग्न होते, भावाभावांची बिऱ्हाडे वेगळी होतात आणि ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी किंवा राजारामपुरीत भाड्याच्या फ्लॅटचा शोध सुरू होतो. स्वयंपाकघर, पाणी, लिफ्ट सारे बारकाईने पाहिले जाते. गाडीबाबत मात्र ‘पार्किंग आहे’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानले जाते. मालक बहुधा ओळखीचा, कधी नात्यातला. त्याच्याकडे लेखी काय मागायचे, असा संकोच असतो.

या संकोचाची किंमत पुढे मोजावी लागते. ज्या जागेत गाडी लावली, ती दुसऱ्याच सभासदाची निघते. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून दुकानातून वेळेवर निघालेला गृहस्थ जागा शोधत इमारतीभोवती फेऱ्या घालतो आणि चौविहाराची वेळ टळते. वृद्ध आईला रस्त्याच्या टोकाला उतरून घरापर्यंत चालावे लागते. शेजाऱ्यांशी कुरबूर होते, मालकाशी अबोला धरला जातो आणि वर्षांची ओळख एका गाडीच्या जागेपायी तुटते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे हिताचे. जागा दुपारी न पाहता रात्री नऊनंतर पाहावी. सर्व गाड्या परतल्यावरच खरी स्थिती कळते. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब असे आहे. ते टेपने मोजून घ्यावे. मध्ये खांब येतो का, एकामागे एक गाडी लावावी लागते का, हेही पाहावे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी नागाळा पार्क, शाहूपुरी यांच्या काही भागांत शिरले होते. त्या बाजूला घर घेताना पार्किंगमध्ये पाणी कोठपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारावे.

मालकाचा अधिकार किती, हेही जाणून घ्यावे. इमारतीच्या खांबांखालची व मोकळी पार्किंगची जागा ही सामाईक असून बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. तेव्हा मालकाला सोसायटीने कोणती जागा वापरायला दिली आहे आणि ती भाडेकरूला वापरता येईल का, याचे पत्र सोसायटीकडून घेणे उत्तम.

शेवटी करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्याच करारात जागेचा क्रमांक, वाहनांची संख्या आणि पार्किंगचे शुल्क कोणी भरायचे, हे नमूद करून घ्यावे. दोन-तीन ओळींचे काम आहे.

सख्ख्या भावाला दिलेली रक्कमही व्यापारी घरात खात्यावर लिहिली जाते. त्यात अविश्वास नसतो. पुढे विसर पडून मन कलुषित होऊ नये, एवढीच काळजी असते. गाडीच्या जागेची नोंदही त्याच काळजीने व्हावी. ती लिहून घेणाऱ्याचे घर भाड्याचे असले तरी मालकाशी असलेला स्नेह टिकून राहतो.