आधी पाइप, मग काँक्रीट!

नांदगावकरांनो, स्पष्टच लिहितोय. कुणाला राग आला तरी चालेल.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला चांगला काँक्रीट रस्ता फोडला. कशासाठी? इंटरनेटच्या केबलसाठी. फोडता फोडता नळाची लाइनही फुटली. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, पण आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. नेमकी त्याच दिवशी आमची पाळी होती. पाणी गेलं गटारीत आणि आयाबाया हंडे घेऊन बघत उभ्या.

मी स्वतः पोटापाण्यासाठी केबल ओढायचं काम करतो. त्यामुळे इंटरनेटला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. विरोध आहे तो बिनडोक खोदकामाला.

आमच्या कामात साधा नियम आहे. भिंतीला गिलावा व्हायच्या आधी पाइप बसवायचा. मग सगळ्या केबलची टोकं पुढेमागे करून टेपने बांधायची आणि पूर्ण जुडी एकदाच ओढायची. पाइप गच्च भरायचा नाही, साधारण ४० टक्केच भरायचा. दोन काटकोनी वळणं झाली की मध्ये बॉक्स द्यायचा. कारण नेटवर्कची केबल साधारण ११ किलोपर्यंतच ताण सोसते. जास्त हिसका दिला की वरून धड दिसते, पण आतून कामातून जाते. आणि सर्वात महत्त्वाचं, जुडीबरोबर एक रिकामी दोरी ओढून ठेवायची. उद्या कुणाला केबल टाकायची असेल तर भिंत फोडावी लागत नाही.

दुकानात चार केबल टाकणाऱ्या माणसाला जे कळतं, ते रस्त्याचं अंदाजपत्रक करणाऱ्यांना कळत नाही?

कायदा नाही असंही नाही. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये सामायिक डक्टची तरतूद आहे. खोदण्याआधी खाली कुणाची लाइन आहे ते कळावं म्हणून केंद्राने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. भारतनेटच्या कामात साध्या जमिनीत पाइप १.६५ मीटर खोल टाकायचं मानक आहे. आमच्या गल्लीत हातभर खाली केबल दिसत होती!

काही जण म्हणतील, रिकाम्या पाइपांचा खर्च कोण देणार? अहो, रस्ता फोडायचा, परत बुजवायचा, नळ जोडायचा, हा खर्च कोण देतंय? आपणच ना? पाइप एकदा टाकला तर कंपन्यांकडून भाडं घेता येईल. खड्ड्याचं भाडं कोण देणार?

म्हणून तीन मागण्या. एक, नवा रस्ता करताना दोन्ही कडांना रिकामे पाइप, ठरावीक अंतरावर चेंबर आणि आत दोरी. दोन, पाइप असेल तिथे खोदायची परवानगीच नको. तीन, खोदावंच लागलं तर कंपनीचं नाव, परवानगी आणि दुरुस्तीची तारीख फलकावर.

तुमच्या गल्लीत उद्या मशीन आलं तर गप्प बसू नका. परवानगीचा कागद मागा, फोटो काढा. आणि रस्ता नवा होत असेल तर काँक्रीट पडायच्या आधीच विचारा, "भाऊ, पाइप कुठंय?"

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.