गोंदण ते टॅटू

अठरावं वर्ष लागताच आमच्या कन्येने जाहीर केलं, "बाबा, मला टॅटू काढायचाय!" मी "फार दुखतं" हे ठेवणीतलं शस्त्र उपसलं. पडलो इंजिनिअर, म्हणून तपशीलही पुरवला: सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते, बरगड्या, घोटा, मनगट इथे जास्त दुखतं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी. आदल्या रात्री पुरेशी झोप, निघताना पोटभर जेवण, मद्य वर्ज्य, सुई सीलबंद पाकिटातलीच.

तिने शांतपणे माझ्या आईच्या हाताचा फोटो पुढे केला. "आजीचं तुळशीवृंदावन हवंय. मनगटावरच."

आईला सातव्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं. चौघींनी धरून गोंदलं होतं. नात मात्र स्वतःहून मागतेय. शस्त्र म्यान केलं. गाडी मीच चालवली.