मेणाची गोष्ट

इंग्रजी पत्राखाली ‘युवर्स सिन्सिअरली’ लिहून आपण सही ठोकतो. या ‘सिन्सिअरली’ची गोष्ट मी वर्गात ऐकली आणि सुट्टीत गावी वडिलांना मोठ्या ऐटीत सांगितली. जुन्या रोममधले लबाड शिल्पकार म्हणे मूर्तीच्या चिरा मेणाने बुजवीत. ऊन लागले की बिंग फुटे. म्हणून चोख मूर्ती ती ‘सिने सेरा’, बिनमेणाची! शाळेची पायरी न चढलेले वडील एवढेच म्हणाले, “ह्ये कुठं लिवलंय?”

परत आल्यावर ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडला. त्याने या गोष्टीला थारा दिलेला नाही. मूळ लॅटिन शब्द ‘सिन्सेरुस’, म्हणजे निर्भेळ, स्वच्छ. त्यातला ‘सिन्’ म्हणजे ‘एक’ आणि पुढचा भाग ‘वाढणे’ या अर्थाच्या धातूचा, असे अनेक कोशकार मानतात. एकाच बीजाचे, भेसळ नसलेले! इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला. मला तर हीच व्युत्पत्ती अधिक भावते. निवडक बियाण्याचे मोल आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

आपला ‘प्रामाणिक’ तर थेट ‘प्रमाणा’वरून आलेला. मग खरेपणाच्या शब्दाचीच कुळकथा आपण प्रमाणावाचून वर्गावर्गांतून का सांगावी? मेणाची गोष्ट रंगतदार आहे, खुशाल सांगावी. पण गोष्ट म्हणून. वडिलांना मात्र अजून खरे सांगायचे राहिले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगेन.