कबरीत दरबार कसा दिसेल?

‘राजवैभव पाहायचे तर म्हैसूर-जयपूरच गाठावे’ हे पत्र वाचले. लेखक नगरचा ‘चांदबिबी महाल’ पाहून हिरमुसले म्हणे. अहो, तो महाल नव्हेच! ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. निजामशाहीची राजधानी पाहायची तर फराहबाग पाहा. एकेकाळी तिथला महाल पाण्याने वेढलेला होता. शिवाय भुईकोट किल्ला. चांदबिबीने 1595-96 मध्ये तो मोगलांविरुद्ध लढवला, 1942 ते 1945 नेहरू तिथेच कैदेत होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात, तेव्हा ओळखपत्र खिशात असू द्यावे. सोहळाच हवा असेल तर कोल्हापूरला दसरा चौकात छत्रपती घराण्याचे शमीपूजन पाहावे. आम्हा सुपेकरांना नगर एसटीने तासाभरावर. तरी निम्म्या गावाने फराहबाग पाहिलेली नाही, हेही कबूल करतो.

— एक वाचक, सुपा (ता. पारनेर)